शितावरून भाताची परीक्षा, पण शिते किती?



भात झाला की नाही हे पाहण्यासाठी कोणीही सगळे पातेले उपसत नाही. चमच्यावर दोन-चार शिते घ्यायची, बोटांनी दाबून पाहायची आणि गॅस बंद करायचा. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपण प्राथमिक शाळेतच शिकलो. थोड्यावरून सगळ्याचा अंदाज बांधण्याच्या या युक्तीवर संख्याशास्त्राची एक मोठी शाखा उभी आहे. तिला नमुना पाहणी म्हणतात. देशातले बेरोजगार किती, मुलांचे वजन वयाच्या मानाने किती कमी, गव्हाचे पीक हेक्टरी किती, हे सारे आकडे शितावरूनच काढले जातात.

म्हणीत मात्र दोन गोष्टी सांगितलेल्या नाहीत. शिते किती घ्यायची? आणि भात वर कच्चा व तळाशी करपलेला असेल तर काय? या लेखात आम्ही मुख्यतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणार आहोत. दुसऱ्याकडेही शेवटी वळू, कारण त्याच्याशिवाय पहिले उत्तर अपुरे आहे.

हा विषय निवडण्याचे कारण घरचेच आहे. दहावीचा निकाल लागला की पालकसभेत आणि मंडळाच्या बैठकीत टक्क्यांची चर्चा सुरू होते. ‘मागच्या वर्षी ९० टक्के होते, यंदा ८० वर आले.’ ‘दहातल्या सहा पालकांना मराठी विषय नको आहे.’ महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या शाळांत मराठी तुकडीचा पट लहान असतो आणि तिचे भवितव्य अशाच वाक्यांवर ठरते. तेव्हा टक्क्यांवर किती भरवसा ठेवायचा हे शाळेतल्या प्रत्येकाला कळायला हवे, आठवीतल्या विद्यार्थ्यापासून अध्यक्षांपर्यंत.

छापा-काटा

सुरुवात नाण्यापासून करू. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने एक रुपयाचे नाणे दहा वेळा उडवले आणि छापा किती वेळा पडला ते लिहून ठेवले. नाणे सरळ आहे, म्हणजे छापा निम्म्या वेळा, पाच वेळा यायला हवा. प्रत्यक्षात कोणाला चार येतील, कोणाला सहा, कोणाला तीन. सात किंवा त्याहून जास्त छापे येण्याची शक्यता शेकडा सुमारे १७ आहे. म्हणजे चाळीसांपैकी साधारण सात मुले उभी राहून सांगतील की आमच्या नाण्यावर ७० टक्के किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडतो. ती खोटे बोलत नसतात. त्यांनी मोजले ते बरोबर, लिहिले तेही बरोबर.

आता प्रत्येकाने तेच नाणे शंभर वेळा उडवावे. छाप्यांचे प्रमाण ७० टक्के किंवा जास्त निघण्याची शक्यता आता २५ हजारांत एक इतकी खाली येते. शंभरातल्या सुमारे ९६ जणांचे उत्तर ४० ते ६० टक्क्यांच्या आत राहील. नाणे बदलले नाही, हात बदलला नाही, वाढली ती फक्त उडवण्याची संख्या. थोड्या निरीक्षणांवरून काढलेली टक्केवारी उड्या मारते आणि पुष्कळ निरीक्षणांवरून काढलेली स्थिरावते, हा या लेखाचा पाया आहे.

वर्गमूळाचा हिशोब

स्थिरावते म्हणजे किती? याचे उत्तर सातवी-आठवीच्या गणितात बसते.

नाणे १०० वेळा उडवले तर ५० छापे अपेक्षित. प्रत्यक्ष संख्या या ५० पासून साधारणपणे ५ ने इकडे-तिकडे असते. ४०० वेळा उडवले तर २०० अपेक्षित आणि फरक साधारण १० चा. १०,००० वेळा उडवले तर ५,००० अपेक्षित आणि फरक साधारण ५० चा. हे ५, १० आणि ५० आले कुठून? नाणे जितक्या वेळा उडवले त्या संख्येचे वर्गमूळ काढून निम्मे करायचे. शंभराचे वर्गमूळ १०, त्याचे निम्मे ५. चारशेचे २०, निम्मे १०. दहा हजारांचे १००, निम्मे ५०. संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात.

येथे एक गंमत लक्षात घ्या. उडवण्याची संख्या वाढली तसा फरकही ५ वरून ५० वर वाढला. पण संख्या शंभरपट झाली आणि फरक दहापटच झाला. याचे कारण असे की काही वेळा छापे जास्त पडतात, काही वेळा काटे, आणि त्यांची एकमेकांशी वजाबाकी होत राहते. म्हणून टक्क्यांत पाहिले तर फरक घटत जातो. शंभरात ५ म्हणजे ५ टक्के, चारशेत १० म्हणजे अडीच टक्के आणि दहा हजारांत ५० म्हणजे अर्धा टक्का.

हा झाला नेहमीचा, साधारण फरक. कधीकधी तो याहून जास्त असतो. पण प्रमाण विचलनाच्या दुपटीच्या आत तो शंभरातल्या सुमारे ९५ वेळा राहतो. ही दुप्पट म्हणजेच वर्तमानपत्रात पाहणीखाली बारीक अक्षरांत छापलेली ‘चुकीची मर्यादा’. ती काढण्याचा सोपा ठोकताळा असा: १०० ला नमुन्यातील संख्येच्या वर्गमूळाने भागा. येईल ते उत्तर टक्क्यांत.

नमुन्यात २५ जण: अधिक-उणे २० टक्के
नमुन्यात १०० जण: अधिक-उणे १० टक्के
नमुन्यात ४०० जण: अधिक-उणे ५ टक्के
नमुन्यात १,६०० जण: अधिक-उणे २.५ टक्के
नमुन्यात १०,००० जण: अधिक-उणे १ टक्का

हे आकडे मत निम्मे-निम्मे विभागलेले असतानाचे, म्हणजे मर्यादा सर्वांत जास्त असतानाचे आहेत. मत एकीकडे झुकलेले असेल तर मर्यादा थोडी आत येते. शंभरांपैकी ९० जण एकाच बाजूचे असतील तर ती १० ऐवजी सुमारे ६ टक्के होते.

ही यादी वरून खाली वाचली की खर्चाचे गणित दिसते. चूक निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात. शंभर घरी जाऊन आलेल्या स्वयंसेवकांनी आणखी तीनशे घरे पालथी घातली की मर्यादा १० वरून ५ वर येते. ती आणखी निम्मी करायला बाराशे घरे वाढवावी लागतील. पहिल्या काही शितांनी पुष्कळ कळते, पुढच्या प्रत्येक शिताने थोडे-थोडे. म्हणूनच देशभराच्या मतचाचण्या बहुधा एक-दोन हजारांपासून काही दहा हजार लोकांपर्यंतच थांबतात.

पट्टा आणि त्यावरचा विश्वास

समजा, ४०० पालकांची नीट पाहणी केली आणि ६० टक्क्यांनी सांगितले की आमच्या घरी मुलांशी मराठीत बोलले जाते. मर्यादा ५ टक्के धरली तर खरे प्रमाण ५५ ते ६५ च्या दरम्यान असावे असे आपण म्हणतो. या ५५ ते ६५ च्या पट्ट्याला इंग्रजीत कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणतात. मराठीत त्याला विश्वास अंतराल म्हणता येईल.

यातल्या ‘९५ टक्के विश्वासा’चा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. ९५ टक्के पालक असे म्हणतात, असा त्याचा अर्थ नाही. तो समजून घ्यायला जत्रेतला रिंग टाकण्याचा खेळ आठवा. समोर एक खुंटी ठोकलेली आहे आणि आपण दुरून रिंग टाकतो. खुंटी म्हणजे खरे प्रमाण. ती जागची हलत नाही. रिंग म्हणजे आपला पट्टा. तो मात्र प्रत्येक पाहणीत थोडा वेगळीकडे पडतो. शंभर वेळा रिंग टाकली तर सुमारे ९५ वेळा ती खुंटीभोवती पडेल, इतकी मोठी रिंग घेतली आहे, हा ९५ टक्के विश्वासाचा अर्थ. आपण केलेली एक पाहणी त्या ९५ मधली की उरलेल्या ५ मधली, हे मात्र पाहणी करणाऱ्याला कळत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून खेळायचा हा खेळ आहे. नमुना मोठा घेतला की लहान रिंगेनेही तेवढ्याच वेळा खुंटी सापडते, आणि रिंग जितकी लहान तितकी खुंटीची जागा नेमकी कळते.

पट्ट्याची ही कल्पना मूळच्या पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३४ च्या सुमारास लंडनमध्ये मांडली. त्याच काळात त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांत एक मराठी विद्यार्थी होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून १९३६ साली पीएच.डी. मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी शेतीच्या उत्पादनाचे अंदाज नमुना पाहणीने काढण्याची पद्धत बसवली. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पातेले मोठे म्हणून चमचा मोठा?

वरच्या यादीत एक गोष्ट नाही, ती तुमच्या लक्षात आली का? एकूण लोक किती, हे कोठेच विचारलेले नाही. बडोदे शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख होती. देशाची तेव्हा १२१ कोटी. बडोद्यातून चिठ्ठ्या टाकून निवडलेले १,६०० लोक बडोद्याबद्दल अडीच टक्क्यांच्या मर्यादेत सांगतील आणि देशभरातून तसेच निवडलेले १,६०० लोक देशाबद्दलही तितक्याच मर्यादेत सांगतील.

‘एवढ्या मोठ्या देशात हजार-दीड हजार लोकांना विचारून काय कळणार?’ हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. आमटी चार माणसांची असो की लग्नातल्या पंगतीची, नीट ढवळलेली असली तर मीठ पाहायला एक चमचा पुरतो. हंडा मोठा आहे म्हणून कोणी वाटीभर आमटी चाखत नाही.

पातेलेच लहान असेल आणि चमच्यात त्यातला मोठा भाग येत असेल, तर मर्यादा आणखी आत येते. शाळेत ९०० पालक आहेत आणि त्यांतल्या ४०० जणांना विचारले, तर निम्मे पातेले आपण पाहिलेच. तेथे ५ टक्क्यांऐवजी मर्यादा साडेतीन-पावणेचार टक्क्यांवर येते. सगळ्या ९०० जणांना विचारले तर नमुन्याची चूक उरतच नाही.

तुकडे पाडले की

पण देशाचा आकडा १,६०० लोकांवरून काढला आणि मग कोणी विचारले, ‘यात गुजरातचे काय?’ लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर त्या १,६०० मध्ये गुजरातचे जेमतेम ८० लोक असतील. त्यांच्यापुरती मर्यादा अडीच टक्के राहत नाही, ती ११ टक्क्यांवर जाते. त्या ८० पैकी फक्त स्त्रियांचे मत काढायचे तर लोक उरले ४० आणि मर्यादा गेली १६ टक्क्यांवर. अनेक बातम्यांत एकूण पाहणीची मर्यादा वर छापतात आणि खाली राज्यवार, वयवार आकडे देतात. वाचणारा तीच मर्यादा सगळ्या आकड्यांना लावतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांना भेटी दिल्या गेल्या. देशाच्या एका आकड्यासाठी एवढी घरे मुळीच लागत नाहीत. पण ही पाहणी ७०७ जिल्ह्यांपैकी प्रत्येकाचा वेगळा आकडा देण्यासाठी आखली होती. भागाकार करून पाहा, जिल्ह्यामागे साधारण ९०० कुटुंबे येतात. चमचा किती मोठा हवा हे पातेल्यावर ठरत नसेल, पण किती पातेल्यांची वेगवेगळी चव पाहायची आहे यावर ते नक्की ठरते.

लहान तुकडीचा निकाल

आता आपल्या शाळेच्या प्रश्नाकडे वळू. उदाहरण काल्पनिक घेऊ. समजा, एका शाळेत दहावीच्या मराठी माध्यमाच्या तुकडीत २० विद्यार्थी आहेत. मागच्या वर्षी १८ उत्तीर्ण झाले, निकाल ९० टक्के. यंदा १६ उत्तीर्ण झाले, निकाल ८० टक्के. फलकावर आकडा लागतो आणि ‘मराठी तुकडीचा निकाल दहा टक्क्यांनी घसरला’ अशी चर्चा होते. दुसऱ्या माध्यमात २०० विद्यार्थी आहेत आणि तेथे निकाल दोन्ही वर्षे ८८-८९ टक्के आहे. कोणीतरी सुचवते की मराठी तुकडीत आता राम राहिला नाही.

वीस जणांच्या तुकडीत एक विद्यार्थी म्हणजे पाच टक्के. एकाला परीक्षेच्या आदल्या रात्री ताप आला, एकाच्या घरी अडचण आली, की निकाल दहा टक्क्यांनी खाली. दोनशेंच्या गटात तसेच दोघे असतील तर एकच टक्का. दोन वर्षांतल्या या १० टक्क्यांच्या फरकाची मर्यादा काढली तर ती अधिक-उणे २२ टक्के येते. म्हणजे शिकवण्यात, अभ्यासात काहीही बदल न होता असा फरक सहज पडू शकतो. नाण्याच्या प्रयोगातल्या त्या सात मुलांसारखेच हे आहे.

येथे जाणकार पालक विचारतील, ‘पण हे वीस म्हणजे नमुना कुठे? तुकडीतले सगळेच विद्यार्थी मोजले आहेत.’ प्रश्न रास्त आहे. ‘यंदा किती उत्तीर्ण झाले?’ एवढेच विचारायचे असेल तर १६ हे पूर्ण उत्तर आहे आणि त्यात चुकीची मर्यादा नाही. पण बैठकीत विचारला जातो तो प्रश्न वेगळा असतो. तुकडीचे शिक्षण कसे चालले आहे, पुढच्या वर्षी काय होईल, ती चालू ठेवावी का, हे आपल्याला ठरवायचे असते. त्या प्रश्नासाठी यंदाचे वीस विद्यार्थी हा एक लहानसा नमुनाच आहे.

उलट बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी. समजा वीसच्या वीस उत्तीर्ण झाले. शंभर टक्के निकाल! पेढे जरूर वाटावेत. पण ज्या तुकडीत प्रत्येक विद्यार्थी अनुत्तीर्ण होण्याची शक्यता १४ टक्के आहे, तेथेही एखाद्या वर्षी सगळे वीस उत्तीर्ण होऊ शकतात. ०.८६ ला स्वतःशीच वीस वेळा गुणून पाहा, उत्तर ०.०५ च्या आसपास येते, म्हणजे वीस वर्षांतून एकदा. संख्याशास्त्रात यासाठी तीनाचा ठोकताळा आहे. एवढ्या जणांत एकही अपयश दिसले नाही, तर तीनला त्या संख्येने भागा. खरे अपयश तेवढ्यापर्यंत असू शकते. वीसांत शून्य असेल तर तीन भागिले वीस, १५ टक्के. तीनशेंत शून्य असेल तर अवघा एक टक्का. त्यामुळे ‘शंभर टक्के निकाल’ या पाटीखाली विद्यार्थीसंख्याही लिहिलेली असावी.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील शाळांच्या गुणांचा अभ्यास करताना संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांना असेच आढळले. सर्वांत वरच्या शाळांच्या यादीत लहान शाळा त्यांच्या वाट्याहून जास्त होत्या. लोकांनी निष्कर्ष काढला असता की शाळा लहान असणे चांगले. पण सर्वांत खालच्या यादीतही लहान शाळाच जास्त निघाल्या. लहान गटाचे आकडे दोन्ही टोकांना उड्या मारतात, एवढाच त्याचा अर्थ. वेनर यांनी २००७ साली लिहिले त्याच्या आधीच अमेरिकेत मोठ्या शाळा तोडून लहान करण्यावर पुष्कळ पैसा खर्च झाला होता.

मग लहान तुकडीबद्दल काही कळतच नाही का? कळते, पण थोडा धीर धरावा लागतो. पाच वर्षांचे निकाल एकत्र करा. वीस-वीस धरले तर १०० विद्यार्थी झाले. त्यांत ८५ उत्तीर्ण असतील तर निकाल ८५ टक्के आणि मर्यादा अधिक-उणे ७. आता दुसऱ्या माध्यमाच्या ८८-८९ शी तुलना केली तर फरक मर्यादेच्या आतलाच दिसतो. पाच वर्षांनीही तुकडी ६५ वरच असती, तर मात्र काळजी करण्याजोगे खरे कारण असते आणि ते झाकून ठेवणे मुलांच्या हिताचे झाले नसते. संख्याशास्त्र मराठी तुकडीची वकिली करत नाही. दोन मुलांच्या तापावरून तिला शिक्षा होऊ नये, एवढेच ते पाहते.

भात ढवळला होता का?

आता राहिलेला दुसरा प्रश्न. आतापर्यंतचा सारा हिशोब एका अटीवर उभा आहे: निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली पाहिजे, प्रत्येकाला नमुन्यात येण्याची सारखी संधी मिळाली पाहिजे. ही अट मोडली तर नमुना कितीही मोठा घेऊन उपयोग नसतो.

याचे गाजलेले उदाहरण १९३६ सालचे आहे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. सुमारे २४ लाख परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने जाहीर केले की लँडन जिंकणार, रूझवेल्ट यांना ४३ टक्के मते पडतील. २४ लाखांच्या नमुन्याची चुकीची मर्यादा काढली तर ती एक टक्क्याचा दहावा हिस्साही भरत नाही. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली. नावे घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांतून. शिवाय कोटीतल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त लोकांनी उत्तरच पाठवले नाही. ज्यांना पोटतिडीक होती त्यांनी पाठवले. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी याहून कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकतील असे बरोबर सांगितले.

सुखात्म्यांचा अनुभव शेतातला आहे. पिकाचा अंदाज घेताना शेतात एक लहान तुकडा आखून त्यातले पीक कापून वजन करतात. तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन वाजवीपेक्षा जास्त दिसते, असे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणारा ते आत धरतो. तुकडा लहान असला की त्याच्या मानाने कड जास्त, म्हणून ही चूकही जास्त. असे हजारो लहान तुकडे कापले तरी ती जात नाही, कारण प्रत्येक तुकड्यात ती एकाच दिशेने होते. छापे आणि काटे एकमेकांना खोडतात. येथे खोडायला समोर कोणी नसतेच.

निवडणुकीच्या चाचण्या चुकतात त्यांतही बहुधा हेच असते. जून २०२४ मध्ये बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० च्या आसपास किंवा त्याहून जास्त जागा दिल्या होत्या. मिळाल्या २९३. नमुने लहान नव्हते. पण काही मतदार खरे सांगत नाहीत, काही बोलतच नाहीत, आणि मतांच्या टक्क्यांवरून जागा काढताना आणखी अंदाज बांधावे लागतात. यांपैकी कशाचाही समावेश छापलेल्या ‘अधिक-उणे’ मध्ये नसतो.

आपल्याकडे घरी मराठी बोलणाऱ्यांचे प्रमाण काढायचे असेल आणि आपण गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाला आलेल्या तीनशे पालकांना विचारले, तर आकडा मोठा आणि देखणा येईल. मराठी कार्यक्रमाला कोण येते, हे लक्षात घेतले की त्याची किंमत कळते. नुसत्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या घरांत फिरलो तरी तेच. त्यापेक्षा शाळेच्या पटावरून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शंभर पालकांचे उत्तर जास्त भरवशाचे, मग मर्यादा १० टक्के असली तरी चालेल.

मंडळाने आणि पालकांनी काय करावे

पुढच्या वेळी पाहणी करायची असेल तर आम्ही असे सुचवतो. पटावरील सर्व विद्यार्थ्यांना क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून निवड करावी. ज्यांचे नाव निघाले त्यांच्याकडून उत्तर येईपर्यंत दोन-तीन वेळा पाठपुरावा करावा. अर्ज परत न आलेल्यांच्या जागी शेजारचे नाव घेऊ नये, कारण उत्तर न देणारे पालक बहुधा वेगळ्या मताचे असतात. पाचवी, सहावी, सातवीचा वेगळा आकडा हवा असेल तर प्रत्येक इयत्तेतून पुरेसे जण घ्यावेत. आणि जो आकडा फलकावर लागेल त्याच्यासोबत तीन गोष्टी लिहाव्यात: किती जणांना विचारले, किती जणांनी उत्तर दिले आणि मर्यादा किती.

निकालाच्या तक्त्यातही टक्क्यांशेजारी विद्यार्थीसंख्या आणि मागील पाच वर्षांची एकत्र टक्केवारी असावी. त्यासाठी एक जास्तीचा रकाना लागेल, खर्च काहीच नाही.

विद्यार्थ्यांसाठी: करून पाहा

१. घरी एका डब्यात ६० पांढरे आणि ४० रंगीत मणी घ्या. डबा चांगला हलवून न बघता १० मणी काढा, पांढरे मोजा, परत टाका. असे वीस वेळा करा. मग दर वेळी ४० मणी काढून वीस वेळा करा. दोन्ही वेळचे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे उत्तर लिहून तुलना करा.

२. एका वर्तमानपत्रात छापले आहे की ९०० लोकांच्या पाहणीत ५२ टक्के लोक एका बाजूचे आणि ४८ टक्के दुसऱ्या बाजूचे आहेत. पहिली बाजू पुढे आहे असे ठामपणे म्हणता येईल का? वरचा ठोकताळा वापरा.

३. मर्यादा १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणायची तर नमुना कितीपट करावा लागेल?

उत्तरे: दुसऱ्याचे, मर्यादा सुमारे ३.३ टक्के आहे, म्हणून ठामपणे म्हणता येत नाही. तिसऱ्याचे, २५ पट. पहिल्याचे उत्तर ज्याचे त्याने काढायचे आहे आणि आपापले आकडे वहीत लिहून गणिताच्या तासाला आणायचे आहेत. सगळ्यांचे आकडे एकत्र करून मोठा तक्ता करू.